बोटभर धूळ

शेलार हवालदार आमच्या चाळीत कोणालाच आवडत नसत. मलाही आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोड लिहायची पद्धत आहे आणि ते मला जमणार नाही. शिवाय त्यांनी स्वतः हे वाचलं असतं तर गोड लिहिलेल्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं असतं. "आवडत होतो? कोणी पाहिलं?"

आमची चाळ अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला, पालेगावच्या अलीकडे. दहा खोल्या आणि एक नळ. आम्ही साळवे चार नंबरमध्ये, शेलार नऊ नंबरमध्ये. पोलीस लाइनीत जागा मिळाली नाही म्हणून ते आमच्यात राहायला आले. पहिला आठवडा सगळ्यांना बरं वाटलं. आता चोऱ्या होणार नाहीत, मालकाचा माणूस आवाज चढवणार नाही. दुसऱ्या आठवड्यात शेलारांनी अर्धी दाढी झालेल्या पवारांना सकाळी सात वाजता दंडाला धरून नेलं. पवारांनी काही केलं नव्हतं. शेलारांना पंच हवा होता.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठे चोरी झाली, कोणी मेलं, की पोलीस त्या जागी जाऊन तिथे काय दिसतं ते लिहून काढतात. तो पंचनामा. तो पोलिसांनी मनाने लिहू नये म्हणून पोलीस नसलेली दोन माणसं समोर लागतात. त्यांनी पाहायचं आणि खाली सही करायची. सही सोपी असते. चार-पाच वर्षांनी कोर्टाचा कागद येतो तेव्हा कळतं. खाडा करून जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. म्हणून पंच व्हायला कोणी तयार नसतं.

बाकीच्या हवालदारांनी यावर सोय करून ठेवली होती. ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस बसलेला असायचा. एक कटिंग पाजला की तो कुठल्याही कागदावर सही करायचा. शेलारांनी त्याला कधीच घेतलं नाही. "हा चिखलोलीला पण हजर आणि त्याच वेळी शिवमंदिरापाशी पण हजर," ते म्हणायचे. "देव आहे का हा?"

मग ते खरी माणसं धरायचे. खाकी कपडे चाळीच्या तोंडाशी दिसले की दारं लागायची. पोरं "पंच, पंच!" ओरडत पळायची. बायका भाजी निवडता निवडता, मान वर न करता "घरात नाहीत" म्हणायला शिकल्या. दाराबाहेर पुरुषाच्या चपला असल्या तर शेलार त्यांच्याकडे जरा वेळ पाहायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. ते पाहणं शिवीपेक्षा वाईट वाटायचं.

त्यांच्या खिशात शिंप्याची कापडी टेप असायची. खून असो की सायकलचोरी, ती टेप निघायची. ती कुठून आली त्याची गोष्ट पवार सांगायचे. शेलारांची ड्युटी उल्हासनगरला होती तेव्हा दोन नंबर कॅम्पात एका सिंधी शेटच्या दुकानात ते टेप घ्यायला शिरले आणि टेप मोजून घेता घेता म्हणाले, "चलो, पंच बनना है."

शेट गयावया करू लागला. "अरे साईं, टेप फ्री में ले जाओ. दस टेप ले जाओ. मुझे मत ले जाओ!"

"पैसे घ्या आणि चला."

शेटला त्यांनी तीन तास उन्हात उभं केलं. गटारापासून चोरी झालेल्या दुकानाच्या पायरीपर्यंत टेपचं दुसरं टोक त्यालाच धरायला लावलं. मधेच शेट म्हणाला, मला वाटतं चोर मागच्या बाजूनेच आला असणार. तेव्हा शेलारांनी आपलं नेहमीचं वाक्य ऐकवलं. "पाहिलं ते सांगा. वाटलं ते घरी जाऊन बायकोला सांगा."

हे वाक्य आमच्या चाळीत शिवीसारखं वापरलं जायचं.

ड्युटीवरून आले की ते घरात शिरण्याआधी नळावर जायचे. बायकांची रांग असो नसो. बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि धुऊन झाल्यावरही हात पाण्याखाली तसेच धरून उभे राहायचे. माझ्या आईची जीभ तिखट. ती म्हणायची, "ओ हवालदार, नळ सासऱ्यानं आंदण दिला का?" मग ते बाजूला व्हायचे. ते हात कुठून आलेत, सकाळपासून त्यांनी काय काय उचललंय, हे रांगेतल्या कोणी विचारलं नाही. मीही नाही. उलट त्यांच्यानंतर भरलेली पहिली बादली आई ओतून द्यायची.

त्यांचा मुलगा दिलीप माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एका गोकुळाष्टमीला नाक्यावरच्या सायकलवाल्याची काच पोरांनी दगड मारून फोडली. शेलारांना त्या दिवशी कित्येक महिन्यांनी सुट्टी होती. ते बनियनवर दारात बसले होते आणि त्यांनी ते पाहिलं. दगड दिलीपने मारला नव्हता, पण तो त्या पोरांत होता. शेलारांनी सदरा चढवला आणि पाचही पोरांना ठाण्यात नेलं, त्यात दिलीप. संध्याकाळी सगळी सुटली. दिलीप घरी आला, कपडे पिशवीत भरले आणि वांगणीला काकांकडे शेतावर गेला. पुन्हा राहायला आला नाही. त्यानंतर शेलारकाकू नवऱ्याशी दोनच शब्द बोलायच्या. "वाढू?" आणि "बस?"

चाळीत सगळे म्हणाले, स्वतःच्या पोराचा न झालेला माणूस. मीही तेच म्हणत होते.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. माझे बाबा एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल चढवायचं काम करायचे. नऊ वर्षं तिथेच, पण टेंपररी. माझी शाळा दुपारची होती, म्हणून कधी कधी सकाळी मी त्यांचा डबा गेटवर द्यायला जायचे. त्या दिवशी गेले तर शेजारच्या कारखान्याच्या गेटवर गर्दी. पालेगावचा सुदाम नावाचा मुलगा मिक्सरच्या यंत्रात ओढला गेला होता. त्याला दवाखान्यात नेलं होतं, पण तो वाचला नव्हता. बाबा मला आत, वॉचमनच्या केबिनपाशी दिसले. शेलारांनी त्यांना आणि गेटवरच्या चहावाल्या भय्याला धरून आणलं होतं. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा पंचनामा लिहून झाला होता.

"साळवे, वाचता येतं?" शेलारांनी विचारलं. ते बाबांना अहो-जाहो करायचे. ठेकेदार "ए साळव्या" म्हणायचा. हा फरक तेव्हाही माझ्या लक्षात आला होता, तरी मला ते आवडले नाहीत.

"न्हाई साहेब. सही येते."

"मग मी जे वाचून दाखवीन ते खरं कशावरून?"

पोलिसाला याचं काय उत्तर द्यायचं? शेलारांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

"पोरगी हाय. नववीला."

त्यांनी कागद माझ्या हातात दिले. "वाच. मोठ्याने. अडखळलीस तर ती ओळ पुन्हा."

मी वाचलं. अडीच पानं. यंत्राच्या पात्यांवर काय होतं, जमिनीवर किती फूट किती इंच कशाचा डाग होता, चप्पल कुठे पडली होती, सगळं. डब्याची पिशवी माझ्या मनगटाला अडकवलेली होती आणि ती हलत होती. शेवटच्या पानावर होतं: "यंत्राची संरक्षक लोखंडी जाळी यंत्रावर बसवलेली नसून भिंतीस टेकवून ठेवलेली आहे. जाळीवर बोटभर धूळ आहे."

"ते मी म्हनलो," बाबा मला म्हणाले. त्या सगळ्यात त्यांचा आवाज जरासा खूश होता. "धूळ मीच दावली."

"हो. तुमचंच आहे ते," शेलार म्हणाले. "मला आधी दिसली नव्हती."

त्या कारखान्याच्या मॅनेजरचं म्हणणं होतं की जाळी सुदामनेच त्या सकाळी काढली. त्याच सकाळी काढलेल्या जाळीवर बोटभर धूळ बसत नाही, एवढं मलाही कळलं. मॅनेजरवरची सगळी केस त्या एका ओळीवर उभी होती. बाबांनी सही केली, भय्याने अंगठा दिला.

मी चार दिवस नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी आई नऊ नंबरच्या दारात जाऊन उभी राहिली. "लहान लेकराला मढ्याचा कागद वाचाया लावतो! तुला पोरगी असती तर लावला असता?"

शेलार जेवत होते. हात तसाच ठेवून म्हणाले, "वहिनी, तिथे दुसरं वाचणारं कोणी नव्हतं."

"मग नसता वाचला!"

"मग सही घेतली नसती."

आईने त्यांच्या दारात बोटं मोडली. काकू आतून म्हणाल्या, "वाढू?"

कोर्टाचा कागद आला तेव्हा मी एफ.वाय.ला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कागद आला त्याच आठवड्यात ठेकेदार आमच्या खोलीवर आला. याआधी कधी आला नव्हता. आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि बाबांना "नामदेवराव" म्हणाला. धमकी वगैरे काही दिली नाही. दोन्ही कारखान्यांचे मालक एकमेकांना धरून असतात, एवढं म्हणाला. मग, "तुमचं कायमचं काम अडलंय ते मी या महिन्यात करून घेतो. मुलगी शिकतेय, चांगलं आहे. आणि तुम्हाला वाचता येत नाही हे तर खरंच आहे ना? खरं तेच सांगायचं."

तो गेल्यावर आई आणि बाबा बराच वेळ एकमेकांकडे न बघता बसले. मी पुस्तक उघडून बसले होते. मी काही बोलले नाही. त्याबद्दल दोष द्यायचा तर मलाही द्यावा लागेल.

तारखेला मी बाबांबरोबर उल्हासनगरच्या कोर्टात गेले. मागच्या बाकावर सुदामची आई होती. तिने लुगड्याच्या पदराखाली मुलाचा शाळेतला फोटो धरला होता. तो ती कोणाला दाखवत नव्हती, नुसती धरून होती. चहावाला भय्या मुलुखाला गेला होता, सापडला नव्हता. म्हणजे बाबाच.

"कागदावर काय लिहिलं होतं ते माहीत आहे?" मॅनेजरच्या वकिलाने विचारलं.

"मला वाचता येत न्हाई, साहेब."

"वाचून दाखवलं होतं?"

बाबा खाली पाहत होते. "न्हाई. हवालदार म्हनले सही कर. केली."

शेलार भिंतीपाशी टोपी काखेत धरून उभे होते. त्यांनी एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता हे बोट दाखवणार, ही पोरगी वाचत होती म्हणणार, आणि मला पुढे उभं करणार. कॉलेजात शिकणारी मुलगी, बापाविरुद्ध.

त्यांनी मान परत सरळ केली.

सरकारी वकिलाच्या कानात एक वाक्य सांगायला त्यांना किती वेळ लागला असता? मला वाचवलं, की मी खरं बोलेन असं त्यांना वाटलं नाही? मला अजून माहीत नाही. मी पाहिलं ते सांगते.

मॅनेजर सुटला. निकालात शेलारांबद्दल कडक शब्द होते. निरक्षर मजुराची सही वाचून न दाखवता घेतली, असे. हयातभर टेप घेऊन फिरलेल्या माणसाबद्दल. त्यांची चौकशी लागली आणि त्या वर्षी जमादार म्हणून होणारी बढती राहिली ती राहिलीच. चाळीत आनंद झाला. "लई पंच पंच करत होता," पवार म्हणाले, "आता कळलं असंल."

बाबा कायम झाले. आईने पेढे आणले. मी खोल्या-खोल्यांतून ताट फिरवत होते तेव्हा बाबा म्हणाले, "नऊ नंबरला बी दे." आई म्हणाली, "कशाला?" मी ताट घेऊन गेले.

शेलार उंबऱ्यावर बसून पट्ट्याचं बक्कल घासत होते. "कशाचे?"

"बाबा कायम झाले."

त्यांनी एक पेढा उचलून शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवला. बक्कल पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "त्यांना वाचायला शिकव."

"काय?"

"कॉलेजात जातेस ना? बापाला चार अक्षरं शिकव. म्हणजे पुन्हा असं म्हणायला त्यांना जागा राहणार नाही."

ताट त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं मला. आम्ही पेढा दिला आणि याने हे दिलं. तुमची बढती गेली म्हणून तुम्ही आम्हाला टोचता, असं काहीतरी बोलायचं होतं. घरी येऊन मी आईला सांगितलं, ती म्हणाली, "किडे पडतील त्याला."

पण महिन्याभराने एका रविवारी मी बाबांसमोर पाटी ठेवली. का शिकवतेस, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांची बोटं पोती उचलून जाड झालेली. 'क्ष' काढताना पेन्सिल मोडायची. जोडाक्षर आलं की कपाळावर घाम यायचा. एकदा धीर करून मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी कोर्टात…" त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. "फुडलं लिहून दे," म्हणाले.

दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत शेलार आमच्या दाराशी एकदाही आले नाहीत. मग ते रिटायर झाले, हवालदार म्हणूनच. काकू आधीच सामान लावायला वांगणीला गेल्या होत्या. एका दुपारी टेम्पो आला. एक कपाट, एक कॉट, भांड्यांची दोन पोती. चाळीतलं कोणी हात लावायला गेलं नाही. शेलारांनी पांढरा सदरा घातला होता आणि त्यात ते आजारी दिसत होते. सामान चढल्यावर ते हातात एक कागद घेऊन एक नंबरपासून दारं वाजवत निघाले. खोली कशा स्थितीत सोडली ते त्यांनी लिहून काढलं होतं. मालकाचा माणूस नंतर काहीही म्हणतो, म्हणून. त्यांना दोन सह्या हव्या होत्या. स्वतःच्या रिकाम्या खोलीचा पंचनामा.

"घरात नाहीत," पवारांची बायको म्हणाली. पवारांच्या चपला दारात होत्या. शेलारांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मग आमचं दार. "साळवे, पंच हवेत."

आई पुढे झाली. "दुसरं कोनी गावलं न्हाई का तुम्हाला?"

"नाही. आणि हे नीट पाहतात. सांगत नाहीत, ती गोष्ट वेगळी."

मला वाटलं आता भांडण होणार. बाबांनी खुंटीवरचा शर्ट घेतला, वरची दोन बटणं न लावताच बाहेर पडले. मी मागोमाग गेले.

नऊ नंबरमध्ये मी पहिल्यांदाच आत शिरत होते. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक चौकोनी पांढरा डाग. शेलारांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला सुरुवात करणार, तोच बाबांनी हात पुढे केला.

"आना. मी वाचतो."

शेलारांनी कागद दिला. बाबा खिडकीच्या उजेडात गेले. "खो-ली… क्र-मांक… नऊ." एकेका अक्षरावर बोट. "खिड-की… एक. का-चा… सा-बूत." टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. "ओ मामा, चलो ना, क्या शादी लगी है?"

"थांब," शेलार म्हणाले.

अर्ध्या पानाला पाव तास लागला. शेवटच्या ओळीवर बाबा थांबले. मी पेन पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मोरीच्या कठड्यावर पाय देऊन उंच झाले आणि माळ्याच्या कडेवरून हात ओढला. खाली उतरून शेलारांच्या समोर उभे राहिले, बोट वर धरून.

"माळ्यावर धूळ हाय. बोटभर. ती लिहायची ऱ्हायली."

शेलार त्या बोटाकडे पाहत राहिले. बाबांनी हात खाली घेतला नाही. मग शेलारांनी खिशातून आपलं पेन काढलं, कागद भिंतीवर धरला आणि लिहिलं. कागद परत बाबांना दिला.

"वाचा."

"मा-ळ्यावर," बाबांनी वाचलं, "बोट-भर… धूळ… आहे."

"बरोबर?"

"बरोबर."

बाबांनी सही केली. खाली मी केली. शेलारांनी दोन्ही सह्या पाहिल्या, दाराला कडी घातली आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले. निरोप घेतला नाही, हात हलवला नाही. सदऱ्याच्या खिशातून टेपचं टोक बाहेर लोंबत होतं. टेम्पो वळला तेव्हा ते मान खाली घालून तोच कागद पुन्हा वाचत होते.

चाळीतली दारं एकेक उघडू लागली. बाबा ओट्यावर उभे होते. ते बोट त्यांनी पुसलं नव्हतं.

आतून आईने विचारलं, "गेला का?"

"गेले," बाबा म्हणाले.